वेग वाढवायचा, तर प्रकाश आणायचा कुठून?

झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला बोटभर मासा. त्याचं पाच-सहा दिवसांचं पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक; मेंदूत सुमारे १ लाख चेतापेशी. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आहरेन्स आणि फिलिप केलर यांनी २०१३ मध्ये ‘लाइट-शीट’ सूक्ष्मदर्शकातून (प्रकाशाच्या पातळ पडद्याने पाहणारा सूक्ष्मदर्शक) त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशींची लगबग सुटी सुटी टिपली. थरामागून थर टिपत अख्ख्या मेंदूची एक फेरी १.३ सेकंदांत.

चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. जनुकाद्वारे पेशीत आणलेलं ‘जीकॅम्प’ हे प्रथिन कॅल्शियमशी जुळलं की निळ्या लेसरखाली (४८८ नॅनोमीटर) हिरवं उजळतं. लेसरचा काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा बाजूने मेंदूत शिरतो आणि वरून सूक्ष्मदर्शकाचं वस्तुभिंग तेवढाच काप, म्हणजे उजळलेला पातळ थर, पाहतं. बाकीचा मेंदू अंधारात राहतो, त्यामुळे चित्र धूसर होत नाही.

पिल्लू हलू नये म्हणून साधारण २ टक्के अगारोजच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जेलीत रोवतात. वाण शक्यतो त्वचेवर काळं रंगद्रव्य नसलेला घ्यावा. नाहीतर प्रत्येक ठिपक्यामागे चित्रात काळा पट्टा उमटतो. जेलीतले बुडबुडेही तेच करतात.

पुढचा काप घेताना पडदा आणि भिंग एकत्र खाली सरकावे लागतात. पडदा हलवणारा आरसा हलका, भिंग जड. घाई केली की भिंग थरथरतं आणि काप फोकसबाहेर जातो. कोलंबिया विद्यापीठातल्या एलिझाबेथ हिलमन यांच्या गटाने २०१५ मध्ये हा तिढाच काढून टाकला: तिरका पडदा सोडणारं आणि प्रकाश परत गोळा करणारं भिंग एकच, तेही स्थिर, हलतो फक्त आरसा.

पण खरी टंचाई प्रकाशाची. ४० काप, प्रत्येकी १० मिलिसेकंद, म्हणजे फेरीला ०.४ सेकंद. दसपट वेग हवा तर कापाला १ मिलिसेकंदच मिळतो. प्रकाश दहावा हिस्सा आणि गोंगाटाच्या (चित्रातल्या नको असलेल्या चढउतारांच्या) तुलनेत संकेत तिपटीहून क्षीण. लेसर वाढवला तर प्रथिनाची चमक विझते, पेशी भाजतात. शिवाय हा निळा उजेड माशाला दिसतो! म्हणून डोळ्यांवरून जाताना लेसर बंद ठेवतात, किंवा माशाला न दिसणाऱ्या अवरक्त लेसरची द्विफोटॉन पद्धत (प्रथिन दोन फोटॉन एकदम शोषून उजळतं) वापरतात.

आणि जीकॅम्प स्वतःच मंद आहे. चेतापेशीचा आवेग (विद्युत स्पंद) मिलिसेकंदभराचा, तर ‘जीकॅम्प६एस’ या त्याच्या एका प्रकाराची चमक ओसरायला सेकंदाच्या घरात वेळ लागतो. सेकंदाला शंभर फेऱ्या मारल्या तरी लागोपाठचे आवेग त्यात वेगळे दिसत नाहीत. त्यासाठी पेशीच्या व्होल्टेजला थेट प्रतिसाद देणारी प्रथिनं लागतात, आणि त्यांना प्रकाश आणखीच जास्त लागतो.