दर्यापूरचा नळ आणि पाचशेचा आकडा : पार्श्वभूमी

खारपाणपट्टा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावत बसायची गरज नाही; इतरांसाठी एवढंच, की जमिनीखालचं पाणी खारं असलेला हा पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांची ८९४ गावं त्यात मोजतात, आणि दर्यापूर त्यातलंच. हा क्षार आला कुठून, यावर जुनी माणसं ‘इथं पूर्वी समुद्र होता’ असं सांगतात. भूजलाचा अभ्यास करणारे सांगतात ते साधं आहे : शेकडो मीटर खोल गाळ, निचरा जेमतेम, ऊन रगड, त्यामुळे क्षार साठत गेले. दहीहांड्याकडे एकेकाळी विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढत, इंग्रजी अमलात ते बंद पडलं. जुन्या काळाबद्दल एवढं पुरे.

नळाची गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याशी सुरू होते. दर्यापूरहून अंजनगाव सुर्जीकडे निघालं की तासाभराच्या आत पाणीच बदलतं. तिकडे पानमळे, संत्र्याच्या बागा. इकडे कोरडवाहू कपाशी, तूर आणि ओलाव्यावरचा हरभरा. म्हणून खोदण्याचा नाद सोडून पायथ्याचं पाणी नळीतून खाली आणायचं ठरलं. शहानूर धरणावरून दोन शहरं आणि १५६ गावांची योजना झाली. अकोल्याच्या बाजूला वान धरणावरून ८४ खेडी आणि काटेपूर्णावरून ६४ खेडी, हे त्याच विचाराचे भाऊबंद. दर्यापुरात या पाण्याला आजही कुणी ‘नळाचं’ म्हणत नाही, ‘शहानूरचं’ म्हणतात. बोअरचं ते खारं, शहानूरचं ते गोडं. इथं ‘गोडं’ म्हणजे साखरेसारखं नव्हे, फक्त खारट नसलेलं.

खरा गुंता मात्र ‘खारं’ आणि ‘जड’ या दोन शब्दांत आहे. बोलताना आपण दोन्ही एकाच मापानं मोजतो, आणि योजनांचे अहवाल वाचणारेही बऱ्याचदा तेच करतात. जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणाला फेस येत नाही, चोथा होतो, डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली येते, पाण्याच्या गुंडाच्या, म्हणजे भांड्याच्या, तळाशी पांढरा थर धरतो. खारेपणात मीठ आलं, सोडा आला, सगळं आलं. पूर्णेकाठच्या काही विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, पण त्यात तुरीची डाळ गाळ होईपर्यंत शिजते, कारण त्यात खायच्या सोड्यासारखा क्षार जास्त आणि जडपणा कमी. हेच पाणी शेतात दिलं की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी, होते. म्हणजे स्वयंपाकघराच्या कसोटीला ‘हलकं’ ठरलेलं पाणी रानाला मारतं. आमच्याकडे आजी डाळीवरून पाणी पारखायची आणि बापू जिभेवरून. दोघांचे निकाल जुळायचे नाहीत, आणि दोघंही बरोबर असायचे.

या दोन पारखी मागे पडल्या त्या पेनासारख्या दिसणाऱ्या मीटरमुळे. पाण्यात बुडवा, आकडा दिसतो. हे मीटर प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतं. त्यात जडपणा किती, मीठ किती, हे ते सांगत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. पण पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला आकडा पुरतो.

आणि आकडा ठरलेला : पाचशे. तो आला पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातून, आयएस १०५०० मधून. २०१२च्या आवृत्तीत दर लिटरला ५०० मिलिग्रॅम ही टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा आहे, पण शेजारच्या रकान्यात २००० असाही आकडा आहे, ‘दुसरा स्रोत नसेल तर’ या अटीवर. जडपणाला असेच २०० आणि ६००, फ्लोराइडला १ आणि १.५. नायट्रेटला मात्र सवलत नाही, ४५ म्हणजे ४५. आता ‘दुसरा स्रोत नसेल तर’ या चार शब्दांचा अर्थ कोण लावणार? गावात हातपंप देताना हा दुसरा रकाना कामाला येतो, आणि यंत्र विकताना पहिला. एकाच तक्त्याच्या दोन रकान्यांवर दोन वेगळे धंदे चालले आहेत. पाचशे ओलांडलं की पाणी विषारी, असं मानक कुठेही म्हणत नाही. मुख्य प्रश्न चवीचा आणि पोटाला मानवण्याचा आहे.

तरी किडनीच्या भीतीनं आरओ, म्हणजे दाबानं पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र, घराघरात शिरलं. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी गावोगावी नाणं टाकून पाणी देणारी केंद्रं, आणि लग्नाकार्याला थंड जार. सीलबंद बाटलीला परवाना लागतो, उघड्या जारचा कारभार मात्र बराचसा त्या चौकटीबाहेर चालतो. मे २०१९ मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं, टीडीएस पाचशेच्या खाली असेल तिथे आरओला बंदी घाला, आणि इतर ठिकाणी किमान ६० टक्के पाणी वापरात येईल असं बघा. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०२० मध्ये मसुदा निघाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम आले. पाचशेचा आकडा इथं आरओच्या विरोधात वापरला गेला होता, म्हणून या वादाची आठवण ठेवायची. दर्यापुरात त्याची चर्चा फारशी ऐकू आली नाही. आमच्या घरचं यंत्र शहानूरच्या पाण्यावर चालतं आणि एका तांब्याला दोन-तीन तांबे मोरीत सोडतं. डोंगरापासून नळीनं आणलेलं पाणी.

त्यात पुन्हा नळ रोज येत नाही. नळी फुटली की आणखी दिवस जातात. मग गच्चीवरच्या टाकीत बोअर सोडतात, आणि शहानूरचं आलं की त्याच टाकीत, उरलेल्या खाऱ्यावर, ते चढतं. मीटरवाला आला तेव्हा आमच्या टाकीत बोअरचंच पाणी होतं. यंत्र त्या दिवशी घेतलं.