सीमेवरचे हिशेबनीस

बेळगावच्या पेठेत गादीवर बसून वही लिहिणाऱ्या माणसाला दिवाणजी म्हणत. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (त्या नोंदी खातेवार मांडणे), तेरीज (खात्यांच्या बाकीचा मेळ) ही त्याची विद्या. ती कॉलेजात मिळत नसे, थोरल्या दिवाणजीशेजारी बसून उचलावी लागे. लिपी बहुधा मोडी, आणि साल दिवाळी ते दिवाळी. खेड्यात हेच काम कुलकर्ण्याकडे वतनाने चालत आले होते. १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ती वतने संपवली. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते.

हिशेबनिसाच्या कामाला परवान्याचे वजन आले ते कंपन्यांमुळे. १९१३ च्या कंपनी कायद्याने ऑडिट सक्तीचे झाले, आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. पुढे १९४९ च्या कायद्याने १ जुलैला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था उभी राहिली. पेठेतल्या दिवाणजीला याचे फारसे सोयरसुतक नव्हते. सावकाराचा विश्वास हेच त्याचे सर्टिफिकेट.

त्याला खरा धक्का १९५६ ने दिला. १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले, आणि त्याच डिसेंबरात केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला. कोल्हापूरचे जुने गिऱ्हाईक एका फटक्यात परराज्यातले ठरले. पुढे उद्यमबागेतले, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले, कास्टिंग कोल्हापूरला पाठवायचे म्हणजे 'सी' फॉर्म आला: परराज्यातल्या गिऱ्हाइकाने द्यायचा, कराचा सवलतीचा दर मिळवून देणारा दाखला. गिऱ्हाइकाकडून तो वेळेवर आला नाही तर सवलतीचा दर जाई, आणि फरक माल विकणाऱ्याच्या गळ्यात पडे. फॉर्मासाठी तगादे लावणे हेच कित्येक अकाउंटंटांचे निम्मे काम होऊन बसले. सीमाप्रश्नावरच्या भाषणांत हा भाग कधी येत नाही, पण सीमा रोज नजरेला पडायची ती या फायलींत.

१९८९ पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. पाडव्याचे वहीपूजन राहिले, ताळेबंद तिथून उठला. बंगळूरच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने नंतर वहीही उचलली. २०१७ मध्ये जीएसटी आला तसे विक्रीकराचे नाके उठले, पण रेघ पुसली नाही. आपला जीएसटी नंबर कर्नाटकच्या २९ ने सुरू होतो, सीमेपलीकडल्या चंदगडच्या दुकानदाराचा महाराष्ट्राच्या २७ ने. त्याला माल पाठवला की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर, खानापूरला पाठवला की निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. चुकीच्या खात्यात भरलेला कर सोडवून आणणे हे आजही डोकेदुखीचे काम आहे.

त्यामुळे बी.कॉम. होऊन नुसत्या नोंदी मारणाऱ्याला इथे पगार बेताचाच मिळतो. तेवढे काम आता बँकेचे स्टेटमेंट थेट सॉफ्टवेअरमध्ये ओढूनही होते. विचारणा आहे ती क्रेडिटची (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीची) जुळवणी करणाऱ्याला, फाउंड्रीत नगामागे खर्च काढून देणाऱ्याला आणि सहकारी पतसंस्थेचे ऑडिट निभावणाऱ्याला. त्यातही कन्नड हवेच. सीमाप्रश्नावर मत काहीही असो, सहकार खात्याचे पत्र कन्नडमध्ये येते आणि त्याचे उत्तर मुदतीत द्यावे लागते. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, म्हणजे ओझे तिहेरी. पण २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनवरून दोन वर्षांवर आली आहे, आणि ती बेळगावातल्याच एखाद्या फर्ममध्ये केली तर दोन्ही राज्यांची बिले पहिल्या महिन्यापासून हाताखालून जातात.