पाइप पाना की स्क्रू पाना? सिंकच्या कामाला कोणता घ्यायचा

हार्डवेअरच्या दुकानात "नळाचं काम आहे, एक पाना द्या" एवढंच सांगितलं, तर समोर दोनांपैकी कोणताही पाना येऊ शकतो. दोन्ही लोखंडी, दोन्हींना जबडा, आणि दोन्हींची चाकी फिरवली की जबडा लहानमोठा होतो. त्यामुळे एक घरात असला की दुसऱ्याची गरज नाही, असं वाटतं. मग चकचकीत नळावर दातांचे खोल ओरखडे उमटतात, नाहीतर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि पुढे कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

फरक जबड्यात आहे. स्क्रू पान्याचे दोन्ही जबडे गुळगुळीत आणि एकमेकांना समांतर असतात. त्याला पकडायला सपाट बाजू लागते: षटकोनी नट, चौकोनी डोकं किंवा नळाच्या अंगावर काढलेले पैलू. त्याची पकड जोरावर नाही, मापावर अवलंबून असते. नट आणि जबडा यांत फट राहिली की सगळा भार कोपऱ्यांवर येतो. पितळ मऊ, त्यामुळे एकाच हिसक्यात कोपरा जातो.

पाइप पान्याच्या जबड्यांना तिरपे दात असतात आणि तो गोल वस्तूसाठी आहे. त्याचा वरचा, आकड्यासारखा जबडा हाताला थोडा डुगडुगतो. नवा पाना घेताना हा दोष वाटतो, पण ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. दांडा ओढला की तो जबडा किंचित कलतो आणि दात पाइपात रुततात. जितकी ओढ जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणजे ज्या वस्तूवर तो चालतो, तिच्यावर व्रण ठेवूनच चालतो. काळ्या लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी (जीआय) पाइपाला त्याचं फारसं काही वाटत नाही. क्रोम चढवलेल्या पितळी नळाचा मुलामा मात्र फाटतो आणि त्या जागी पुढे हिरवट डाग धरतो.

जुने कारागीर पाइप पान्याला स्टिल्सन म्हणतात. अमेरिकेतल्या डॅनियल स्टिल्सन यांनी 1869 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, त्यांचं ते नाव. आज आपण वापरतो तो स्क्रू पाना स्वीडनच्या योहान पेटर योहानसन यांच्या 1892 च्या पेटंटमधून आला.

आता सिंककडे येऊ. तिथल्या जवळपास सगळ्या धातूच्या जोडांना पैलू असतात, म्हणून काम स्क्रू पान्याचं. अर्धा इंची कनेक्शन पाइपचा, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या लवचिक नळीचा, नट बहुधा 24 मिमीचा असतो. 8 इंच लांबीच्या पान्याचा जबडा जेमतेम तेवढाच उघडतो, म्हणून एकच घ्यायचा तर 10 इंची घ्यावा. तो 30 मिमीच्या आसपास उघडतो. दुकानातच चाकी फिरवून पाहावी. जबडा पुढेमागे सरकताना अडू नये आणि बंद केल्यावर दोन्ही ओठांत उजेड दिसू नये. सरकत्या जबड्यात फार खेळ असेल तर तो पाना घेऊ नये.

लावण्याची पद्धत छोटी आहे, पण घाईत तीच चुकते. नट जबड्याच्या तळापर्यंत आत जाऊ द्यावा, चाकी घट्ट करावी, पाना जरा हलवावा आणि चाकी पुन्हा आवळावी. हलवल्यावर बहुतेक वेळा अजून थोडी जागा निघते. ज्या बाजूला फिरवायचं, त्या बाजूला सरकता जबडा असावा. म्हणजे मुख्य भार स्थिर, भक्कम जबड्यावर पडतो. उलटा लावला तर सरकता जबडा रेटला जाऊन उघडतो आणि पाना निसटतो. पाइप पान्यालाही दिशा आहेच: त्याचं उघडं तोंड ज्या बाजूला, तिकडेच ओढायचं. उलट ओढलं तर तो नुसता घसरतो. शिवाय पाइप आकड्याच्या पार तळाला टेकवायचा नाही, मागे 10-12 मिमी जागा सोडायची. तेवढी जागा नसेल तर जबड्याला कलायला वाव राहत नाही आणि पकड बसत नाही.

मग सिंकजवळ पाइप पाना लागतो कधी? भिंतीतून जीआयचा तुकडा, म्हणजे निपल, बाहेर आलेला असेल आणि त्यावर नळ बसवलेला असेल तेव्हा. जुन्या इमारतींत हे अजून सर्रास दिसतं. नळ स्क्रू पान्याने उलटा फिरवताना आटे गंजलेले असतील, तर नळाबरोबर निपलही फिरतं आणि भिंतीतल्या एल्बोतला (काटकोनी जोडतुकड्यातला) जोड सुटतो. बाहेर सगळं कोरडं दिसतं आणि आठवड्याभरात शेजारच्या भिंतीला ओल येते. म्हणून एका हाताने पाइप पाना निपलावर घट्ट धरायचा, हलू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू पान्याने नळ फिरवायचा. दोन्ही पाने एकाच वेळी लागतात ते काम हे.

अँगल कॉकवरून, म्हणजे सिंकखालच्या भिंतीतल्या छोट्या व्हॉल्ववरून, कनेक्शन पाइप काढतानाही हाच नियम. नट फिरवताना कॉकचं अंग दुसऱ्या पान्याने किंवा हाताने धरून ठेवा. इथे मात्र दुसरा पानाही गुळगुळीत जबड्याचाच हवा.

नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत बहुधा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप, असतो आणि एल्बोत पितळी आटे बसवलेले असतात. तिथे लांब पान्याचा धोका मोठा. हाताचा जोर तोच, पण 14 इंची दांड्यावर तो 8 इंचीच्या पावणेदोन पट पडतो. पितळी भाग प्लास्टिकमध्ये फिरतो किंवा एल्बोला चीर जाते, आणि दुरुस्तीला टाइल फोडावी लागते. पाइप पाना प्लास्टिकच्या पाइपवर तर कधीच नको. दात रुतले की तिथूनच तडा सुरू होतो.

कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन टेप लावून उपयोग नाही. नट हाताने बसेल तितका बसवावा आणि पान्याने साधारण पाव फेरा द्यावा. गळलं तर आणखी थोडा. त्याहून आवळलं तर वायसर कापला जातो आणि गळती वाढते. टेप लागते ती नळ भिंतीत जातो त्या आट्यांवर. आटे आपल्याकडे करून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ओढून धरत गुंडाळायची. बाजारातली पातळ टेप असेल तर 10 ते 15 वेढे. उलट्या दिशेने गुंडाळली तर नळ बसवतानाच ती उकलत बाहेर येते.

नळाचा वायसर बदलायचा असेल तर आधी टाकीकडचा व्हॉल्व बंद करून नळ उघडावा, पाइपातलं पाणी जाऊ द्यावं. मूठ काढली की खाली स्पिंडलचा (मुठीने फिरणाऱ्या दांडीचा) षटकोनी भाग दिसतो. तोही स्क्रू पान्याचाच. सोडवताना नळ अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे वायसर खालच्या बैठकीवर दाबलेला राहत नाही. नळाच्या अंगाला पैलूच नसतील, तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून हातानेच फिरवून पाहावं. रबराची पकड चांगली बसते.

सिंकखालचं वेस्ट कपलिंग (सांडपाण्याच्या भोकाचा जोड) आणि बॉटल ट्रॅप (त्याखालचं बाटलीसारखं भांडं) आता बहुतेक प्लास्टिकचे असतात. त्यांचे मोठे नट हातानेच लावायचे आणि काढायचे. हाताने सुटत नसेल तर गरम पाण्याचा कपडा दोन मिनिटं गुंडाळून पुन्हा प्रयत्न करावा. साबण आणि तेलाचा चिकटा सैल होतो. जुनं पितळी कपलिंग असेल तर त्याचा नट 10 इंची स्क्रू पान्यात मावत नाही. तिथे वॉटर पंप प्लायर, म्हणजे मोठा जबडा उघडणारी लांब दांड्यांची पक्कड, हा तिसरा गडी कामाला येतो. तो नसेल तर पाइप पाना चालेल, कारण तो नट सिंकखाली असतो आणि त्यावरचे ओरखडे कुणाला दिसत नाहीत.

आणि नळ काढताना त्याचा आट्याचा भागच तुटून भिंतीत राहिला, तर या दोन्ही पान्यांना धरायला काही उरत नाही. पक्कड आत घालून ओढाताण केली तर एल्बोचे आटे खराब होतात. अशा वेळी आटा काढायचा एक्स्ट्रॅक्टर आणावा. तो आत ठोकून बसवायचा, त्याच्या चौकोनी टोकाला स्क्रू पाना लावायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवायचा.