डीओआय घेतला म्हणजे लेख कायमचा जपला गेला?

नाशिकच्या कॉलेजांमधून संशोधनपत्रिका काढणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: अंक ऑनलाइन टाकला, सगळ्यांना मोफत खुला केला, लेखांना डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) घेतला, की काम फत्ते. तसं नाही.

डीओआय हा नुसता पत्ता. घर बदललं तर नवा पत्ता प्रकाशकानेच कळवायचा असतो. लेखाची प्रत डीओआय नोंदवणारी संस्था स्वतःकडे ठेवत नाही. डोमेनचे पैसे भरणारे सर निवृत्त होतात, नूतनीकरणाची मेल त्यांच्या जुन्या खात्यात पडून राहते आणि एके दिवशी क्रमांकावर क्लिक केलं की भलतीच जाहिरात उघडते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त पत्रिका इंटरनेटवरून गायब झाल्याचं दिसलं. म्हणजे मोफत असणं त्यांना वाचवू शकलं नाही.

जतनाची सोय वेगळी करावी लागते. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लॉक्स'ची युक्ती साधी आहे: एकाच लेखाच्या प्रती अनेक ग्रंथालयांत ठेवायच्या, त्या आपोआप एकमेकींशी ताडायच्या आणि बिघडलेली प्रत बाकीच्यांवरून दुरुस्त करायची. 'पेन ड्राइव्हवर आहे की' म्हणणाऱ्यांना हे ताडणंच जमत नाही.

खर्चाची सबब तर सांगूच नका. ओजेएस या पत्रिका चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या पत्रिकांसाठी, ते बनवणाऱ्या पीकेपीचं 'लॉक्स'च्याच तंत्रावरचं जतन-जाळं विनामूल्य आहे. आयएसएसएन (पत्रिकेचा ओळख-क्रमांक) आणि निदान एक प्रकाशित अंक हवा. मग ओजेएसमध्ये त्याचं प्लगइन (जोड-सुविधा) सुरू करून अटी मान्य करायच्या.