कैरो ते जोहान्सबर्ग: नकाशावर सरळ, आकाशात वाकडी

नकाशात कैरोवर बोट ठेवून ते सरळ खाली ओढत नेले, तर जवळजवळ जोहान्सबर्गलाच पोचते. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत तीनच अंशांचा फरक आहे. अंतर सुमारे ६,२६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या साडेपाच पट. वाट मोकळी असेल तर थेट विमानाला आठेक तास पुरतात. इजिप्तमध्ये उन्हाळी वेळ लागू नसेल, तर उतरल्यावर घड्याळही बदलावे लागत नाही. पण गेल्या शंभर वर्षांत ही वाट मोकळी क्वचितच होती.

पिएर व्हान रायनेवेल्ड आणि क्विंटन ब्रँड हे दोघे वैमानिक फेब्रुवारी १९२० मध्ये इंग्लंडहून केपटाउनकडे निघाले. त्यांचे पहिले विमान कैरो ते सुदानची राजधानी खार्टूम या टप्प्यात कोसळले, दुसरे आजच्या झिम्बाब्वेतल्या बुलावायोला. अखेर तिसऱ्या विमानाने २० मार्चला ते केपटाउनला उतरले. हवेत घालवलेले तास होते सुमारे ११०, दिवस मात्र ४५. उष्ण हवा आणि उंच पठार ही जोडी त्या काळच्या इंजिनांना झेपत नसे. जोहान्सबर्गचा आजचा विमानतळसुद्धा जवळपास १,७०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत उड्डाणासाठी विमानाला जास्त लांब धावावे लागते.

१९३२ मध्ये इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडन-केपटाउन प्रवासी सेवा सुरू केली. तिला विमानसेवा म्हणणे थोडे धाडसाचेच, कारण युरोपातला एक मोठा टप्पा चक्क रेल्वेने कापावा लागे. कैरोहून खार्टूम, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने व्हिक्टोरिया सरोवराकाठचे किसुमू, मग पुन्हा जमिनीवरचे विमान. रात्री मुक्काम, पहाटे उड्डाण. सगळ्या प्रवासाला सुमारे अकरा दिवस लागत.

२ मे १९५२ रोजी कॉमेट हे जेट विमान प्रवासी घेऊन लंडनहून निघाले आणि रोम, बैरुत, खार्टूम, एन्टेबे, लिव्हिंगस्टन असे थांबे घेत चोवीस तासांच्या आत जोहान्सबर्गला पोचले. पण जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट भूमध्य समुद्रात कोसळले. एप्रिलमध्ये जोहान्सबर्गकडे निघालेले दुसरे रोम-कैरो टप्प्यातच गेले. तपासात धातूचा थकवा हे कारण निघाले: हवेच्या दाबाने पुन्हा पुन्हा ताणला जाणारा पत्रा अखेर फाटला होता.

यंत्रे सुधारली, तोवर राजकारण आडवे आले. वर्णभेदाच्या निषेधार्थ १९६३ पासून अनेक आफ्रिकी देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपले आकाश बंद केले. युरोपला जाताना ती खंडाच्या पश्चिम फुगवट्याला वळसा घालून अटलांटिकवरून उडू लागली. पुढे इंधनासाठी काबो वर्दे या द्वीपराष्ट्रातले साल बेट त्यांचा नेहमीचा थांबा झाले. हा वळसा सुटायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि त्या देशाचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. सुदान बरोबर या सरळ रेघेवरच पसरलेला आहे. त्यामुळे विमाने पूर्वेला तांबड्या समुद्राच्या बाजूने, नाहीतर पश्चिमेला चाडवरून वळू लागली. अंतर मोजणारी संकेतस्थळे तरीही ६,२६० हाच आकडा दाखवतात. ती दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट मोजतात, त्यात खार्टूम धरलेले नसते.