शॉर्टकट व मेनूची सानुकूल मांडणी

शॉर्टकट व मेनूची सानुकूल मांडणी : मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती कळ दाबल्यावर कोणती कमांड चालावी आणि मेनूत काय दिसावे, हे आपल्या कामाप्रमाणे ठरवण्याची सोय. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिबरऑफिस रायटर या दोन्हींत ती मुळातच असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. रोजच्या बोलण्यात ‘शॉर्टकट लावणे’ किंवा ‘की सेट करणे’ म्हणतात ते हेच. एकाच भाषेत पत्रे लिहिणाऱ्याला तिच्यावाचून फारसे अडत नाही. तिचे मोल कळते ते बडोद्यासारख्या गावात, जिथे एकाच टेबलावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांचा मजकूर येतो.

संगणकावर लिहिण्याच्या सुरुवातीच्या काळात माउस नव्हता, सगळा कारभार कळांवर चाले. १९७८ सालच्या वर्डस्टारमध्ये कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या चार कळांनी कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली जाई. वर्डपरफेक्टचा भर एफ-१, एफ-२ अशा फंक्शन कळांवर होता, आणि कोणती कळ कशाची हे लक्षात राहावे म्हणून त्या कळांभोवती छापील पट्टी ठेवत. कट, कॉपी, पेस्ट ही त्रयी १९७०च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या कामातून आली. पुढे अ‍ॅपलच्या संगणकांवर एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा तिला मिळाल्या आणि त्याच आज सर्वत्र चालतात. या सगळ्या नेमणुका इंग्रजी लिहिणाऱ्या हातांसाठी झाल्या. देवनागरीसाठी काय जवळ हवे, हा विचार त्यांत नव्हता, आणि तो आपला आपणच करावा लागतो.

तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या काळात बडोद्याचा कारभार गुजराती प्रजेत आणि मराठी दरबारात एकाच वेळी चाले. ती दुभाषी सवय शहरात टिकून आहे. दांडिया बाजार, रावपुरा हे भाग मराठी वस्तीचे म्हणून ओळखले जातात, आणि २०१८ साली ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही बडोद्यातच भरले. टंकन करणाऱ्याला ही दुभाषी सवय भेटते ती लग्नपत्रिकेत : एका पानावर मराठी, समोरच्या पानावर गुजराती, पाकिटावर इंग्रजी पत्ता.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर सर्व लिप्यांची अक्षरे सारख्याच जागी बसवली आहेत. मराठी ‘ळ’ शिफ्ट-एनवर आहे, आणि भाषा गुजराती केली की त्याच कळेवर गुजराती ‘ळ’ येतो. बोटांना दुसऱ्यांदा काही शिकावे लागत नाही. म्हणून अक्षरांसाठी शॉर्टकट लावण्यात वेळ घालवू नये. इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावे. शॉर्टकट लावावेत ते चिन्हांसाठी, जोडाक्षरांसाठी आणि स्टाइलसाठी, म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीसाठी.

पत्रिकेच्या माथ्यावरच्या ‘॥ श्री ॥’मधला दुहेरी दंड घ्या. तो पटकन सापडत नाही म्हणून इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ दोनदा मारून भागवतात. ती रेघ अक्षरापेक्षा उंच जाते, खाली लोंबते, आणि छापल्यावर डोळ्यांना खुपते. वर्डमध्ये इन्सर्ट, सिंबल, मोअर सिंबल्स असे जाऊन देवनागरीच्या कोष्टकातला ॥ निवडावा (युनिकोड या अक्षरसंकेतात क्रमांक ०९६५) आणि तिथेच खाली असलेले ‘शॉर्टकट की’ हे बटण दाबावे. नव्या चौकटीत हवी ती जोडकळ दाबली की ती आधीच कोणाला दिलेली आहे का, ते लगेच दिसते. कंट्रोल-ई दाबली तर ‘सेंटरपॅरा’ असे उत्तर येते, म्हणजे मजकूर मध्यावर आणण्याची कमांड. मोकळी किंवा आपण कधीच न वापरलेली जोडकळ शोधून ‘असाइन’ करावे. युनिकोडमध्ये गुजरातीच्या गटात दंड वेगळा दिलेलाच नाही, देवनागरीचाच वापरायचा असतो. त्यामुळे एकदा लावलेली ही कळ समोरच्या गुजराती पानालाही पुरते. ‘नमः’चा विसर्ग मात्र इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून हायफनच्या कळेवर आहे, तिथे कोलन टाकू नये. दिसायला जवळचा असला तरी तो विसर्ग नव्हे, आणि मग शोध घेताना तो शब्द सापडत नाही.

दुसरे उदाहरण ‘ऱ्य’चे. गुजरातीत हे जोडाक्षर नाही, म्हणून गुजरातीवर हात बसलेला माणूस मराठी लिहितानाही ‘र्य’च टाकतो. परिणाम लहान नसतो : ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. दोन्ही शब्द बरोबर असल्याने स्पेलचेक इथे मदतीला येत नाही. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ अशा क्रमाने ते उमटते. ज्यांना हे तीन टप्पे लक्षात राहत नाहीत त्यांनी ‘ऱ्य’ हा तुकडा बिल्डिंग ब्लॉक म्हणून साठवून त्याला एक कळ द्यावी. शॉर्टकटच्या चौकटीतल्या यादीत अगदी खाली मॅक्रो, फॉन्ट, बिल्डिंग ब्लॉक, स्टाइल आणि नेहमीची चिन्हे असे गट असतात. पुष्कळ जण तिथवर खाली उतरतच नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फॉन्ट बदलणे म्हणजेच भाषा बदलणे असे, आणि तेव्हा याच यादीतला फॉन्टचा गट फार उपयोगी पडे.

विंडोजमध्ये उजवीकडची आल्ट-जीआर कळ म्हणजे कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबणे असे धरले जाते. वर्डमध्ये कंट्रोल-आल्ट-१, २, ३ या पहिल्या तीन पातळ्यांच्या शीर्षकांच्या ठरलेल्या कळा आहेत. त्याच ओघात चौथ्या शीर्षकाला कंट्रोल-आल्ट-४ द्यावी असे कोणालाही वाटेल. पण भारतीय इंग्रजी कीबोर्डवर रुपयाचे चिन्ह ₹ याच जोडकळीवर आहे. नेमणूक झाली की दरपत्रक लिहिताना ₹ उमटेनासा होतो आणि त्या जागी ओळच्या ओळ शीर्षक होऊन बसते. अशा वेळी दोष फॉन्टला दिला जातो. कंट्रोल-आल्टच्या वाटेला न जाता कंट्रोल-शिफ्ट घ्यावी, किंवा दोन टप्प्यांची कळ करावी : आधी एक जोडकळ, ती सोडून मग एखादे अक्षर. दोन टप्प्यांच्या कळा मला सर्वांत सोयीच्या वाटतात. एकाच जोडकळीमागे आपली सगळी मराठी चिन्हे ओळीने बसवता येतात.

रायटरमध्ये हेच काम टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड या वाटेने होते. नेमणूक फक्त रायटरपुरती की सगळ्या लिबरऑफिससाठी, हे तिथे आधी ठरवावे लागते. यादीत एफ-१ आणि एफ-१० अशा काही कळा फिकट दिसतात. त्या बदलता येत नाहीत. कंट्रोल-१ ते कंट्रोल-५ या शीर्षकांच्या कळा तयारच मिळतात.

मेनूच्या बाबतीत वर्डची जुनी पद्धत मोकळी होती. २००३पर्यंत कोणतीही कमांड ओढून कुठल्याही मेनूत टाकता येई. २००७ साली मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली आणि २०१०मध्ये रिबनवर स्वतःचे गट जोडण्याची मुभा मिळाली, पण मूळच्या गटांत हात घालता येत नाही. त्यापेक्षा वरची क्विक अ‍ॅक्सेस पट्टी बरी : तिच्यावर ठेवलेली पहिली कमांड आल्ट-१ने चालते, दुसरी आल्ट-२ने. रायटरमध्ये मेनू अजूनही पूर्ण आपल्या हातात आहे. कमांड घालता-काढता येतात, त्यांना मराठी नावेही देता येतात. ब्राउझरमधल्या गूगल डॉक्समध्ये शॉर्टकट बदलण्याची सोय नाही.

लावलेल्या कळा कुठे राहतात, हे आधी माहीत असलेले बरे. वर्ड त्या ‘नॉर्मल’ नावाच्या टेम्प्लेट फाइलमध्ये ठेवतो, किंवा चौकटीत ‘सेव्ह चेंजेस इन’समोर दुसरे टेम्प्लेट निवडले असेल तर त्यात. म्हणजे टेम्प्लेटमध्ये ठेवलेल्या कळा कागदपत्राबरोबर जात नाहीत. दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर तीच पत्रिका उघडली तर कळा नसतात. वर्ड बिघडला की ‘नॉर्मल फाइल काढून टाका, नवी आपोआप तयार होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. फाइल तयार होते हे खरे, पण वर्षानुवर्षे लावलेल्या सगळ्या कळा जातात. फाइल न काढता तिचे नाव बदलून ठेवावे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर असावी. रायटरमध्ये कीबोर्डच्या चौकटीतच ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ अशी बटणे आहेत, त्यामुळे तिथे ही नेआण सोपी आहे. वर्डच्या प्रिंटच्या पर्यायांत ‘की असाइनमेंट्स’ असाही एक पर्याय असतो. तो निवडून छापले की आपण लावलेल्या सर्व कळांची यादी कागदावर मिळते, आणि ती मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवता येते.