बीटल्सचा गच्चीवरील कार्यक्रम

३० जानेवारी १९६९ रोजी भरदुपारी लंडनमधील ३, सॅव्हिल रो या इमारतीच्या गच्चीवर बीटल्स या ब्रिटिश बँडने केलेले सुमारे ४२ मिनिटांचे गायन-वादन. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे लोकांसमोर एकत्र वाजवण्याचा हा शेवटचा प्रसंग. जाहिरात नव्हती, तिकीट नव्हते. इमारत त्यांच्याच ॲपल या संगीत कंपनीची होती.

आज या प्रसंगाला निरोपाचे वलय आहे. त्या दिवशी मात्र तो रखडलेल्या प्रश्नावरचा तोडगाच होता. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील मैफलीनंतर बँडने दौरे बंद केले होते. जानेवारी १९६९ मध्ये ट्विकनमच्या चित्रपट स्टुडिओत नव्या गाण्यांच्या तालमी आणि त्यांचे चित्रीकरण सुरू झाले. शेवट एखाद्या भव्य मैफलीने करायचा होता. लिबियातील प्राचीन रोमन नाट्यगृह, जहाज असे मनसुबे रचले गेले. एकमत होईना. १० जानेवारीला हॅरिसन बँड सोडून निघूनही गेला. तो परतला तेव्हा मोठ्या मैफलीचा विचार मागे पडला आणि काम ॲपलच्या तळघरातील स्टुडिओत हलले. तेथे बिली प्रेस्टन हा अमेरिकन वादक इलेक्ट्रिक पियानोवर साथीला आला आणि वातावरण निवळले. पाहुण्यासमोर चौघेही नीट वागू लागले, असे म्हणायला जागा आहे. गच्चीवरही प्रेस्टन होताच.

कडाक्याची थंडी होती. लेननने आपली जोडीदार योको ओनो हिचा फरचा कोट चढवला, तर रिंगोने पत्नीचा लाल रेनकोट. वाऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून मायक्रोफोनवर बायकांचे पायमोजे ताणून बसवले. गच्चीवरून तारा थेट तळघरातील ध्वनिमुद्रण यंत्रापर्यंत सोडल्या होत्या. पाचच गाणी झाली, काही पुन्हापुन्हा. ‘गेट बॅक’ तीनदा. ‘वन आफ्टर ९०९’ हे त्यांतले सर्वांत जुने, लेनन-मॅकार्टनींनी किशोरवयात रचलेले. ‘डिग अ पोनी’चे शब्द लेननसमोर एक मदतनीस गुडघ्यावर बसून धरून होता, ‘डोन्ट लेट मी डाउन’मध्ये तशी सोय नसल्याने लेनन एक ओळ विसरला आणि त्याने बिनदिक्कत निरर्थक शब्द गाऊन वेळ मारून नेली.

सॅव्हिल रो ही भारी सूट शिवणाऱ्या शिंप्यांची पेठ. खाली गर्दी जमली, शेजारच्या छपरांवर लोक चढले आणि आवाजाच्या तक्रारी त्याच रस्त्यावरील पोलीस ठाण्यात पोहोचल्या. पोलीस येणार हे दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग याने गृहीत धरले होते. स्वागतकक्षात छुपा कॅमेरा तयारच होता. पोलीस वर आल्यावर बँडचा मदतनीस मॅल एव्हन्स याने गिटारचे ॲम्प्लिफायर बंद केले, हॅरिसनने आपला पुन्हा चालू केला. शेवटी लेननने आभार मानत, ‘आम्ही निवड चाचणीत पास झालो असू, अशी आशा आहे’ असा टोला हाणला. १९७० च्या ‘लेट इट बी’ या अल्बमच्या अखेरीस हेच वाक्य ऐकू येते; पण तेथे ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या ‘गेट बॅक’ला जोडलेले आहे. गच्चीवरील तीन गाणी मात्र त्या अल्बममध्ये आहेत.

गच्चीवर वाजवण्याची कल्पना पहिलीच म्हणता येत नाही. १९६८ च्या अखेरीस जेफरसन एअरप्लेन या बँडने न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलच्या छपरावर वाजवले होते आणि तेथेही पोलीस आले होते. १९८७ मध्ये यू२ या आयरिश बँडने लॉस एंजेलिसमध्ये केलेले छपरावरचे चित्रीकरण हे बीटल्सचे उघड अनुकरण होते.